ड्राफ्ट २०२२ चे पहिले चार : अठराव्या वर्षी पोराला नेमकं कुठे खेळवायचं?

लाशीनकर (प्रश्न)

आइस हॉकीचे कॅम्प उघडले की आपल्या ग्रुपवर हाच वाद पेटतो आणि दर वेळी "घाई केली" विरुद्ध "उगाच कुजवला" एवढ्यावर येऊन विझतो. म्हणून या वेळी एकच ठोस उदाहरण घेतो.

७ जुलै २०२२ ला इथेच, माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतली सर्वांत वरची लीग) ड्राफ्ट झाला, म्हणजे संघांनी आळीपाळीनं तरुण खेळाडू निवडले. पहिले चार खेळाडू चार निराळ्या वाटांनी गेले. पहिला युराय स्लाफकोव्स्की, माँट्रियलनं थेट एनएचएलमध्ये ठेवला. ३९ सामने, ४ गोल, १० पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून), आणि जानेवारी २०२३ मध्ये गुडघा दुखावून हंगाम संपला. दुसरा शिमोन नेमेत्स, न्यू जर्सीनं पूर्ण वर्ष एएचएलमध्ये (एनएचएलच्या लगेच खालची लीग), युटिका कॉमेट्सकडे पाठवला. ६५ सामन्यांत ३४ पॉइंट. तिसरा लोगन कूली मिनेसोटा विद्यापीठात गेला आणि ३९ सामन्यांत ६० पॉइंट करून आला. चौथा शेन राइट. ज्याला पहिला जाणार म्हणून आपण सगळे धरून बसलो होतो, तो त्या वर्षी सिएटल, त्यांचा एएचएल संघ कोचेला व्हॅली फायरबर्ड्स, कॅनडाचा ज्युनिअर संघ, ज्युनिअर क्लब विंडसर आणि पुन्हा कोचेला व्हॅली असा फिरत राहिला.

माझे प्रश्न असे :

(अ) एनएचएलमध्ये चौथ्या लाइनवर (सर्वांत कमी खेळणारी फॉरवर्डची फळी) ८ मिनिटं की ज्युनिअरमध्ये २२ मिनिटं? अठरा वर्षांच्या फॉरवर्डसाठी खरंच काय बरं?

(ब) नेमेत्स एएचएलमध्ये जाऊ शकतो, मग राइट का नाही?

(क) यात खेळाडूचा विचार किती आणि कराराचं गणित किती?

(ड) लाव्हालला प्लास बेलमध्ये माँट्रियलच्या एएचएल संघाचा सामना बघायला गेलं की "हा पोरगा तयार आहे" हे गोल-असिस्ट सोडून कशावरून ओळखायचं?

पॉइंटचे तक्ते टाकू नका, ते सगळ्यांना दिसतात. का झालं, ते हवंय.


निळी_रेषा

आधी (ब) घेतो, म्हणजे निम्मा वाद आपोआप मिटेल.

ओएचएल (ऑन्टारियो), डब्ल्यूएचएल (पश्चिमेकडची) आणि क्वेबेकची ज्युनिअर लीग या तिन्ही सीएचएल या कॅनडातल्या ज्युनिअर संघटनेखाली येतात. एनएचएल आणि सीएचएल यांच्यातल्या तेव्हाच्या करारानुसार तिथून ड्राफ्ट झालेला खेळाडू विसाव्या वर्षापर्यंत एनएचएल संघात बसत नसेल, तर त्याला त्याच्या ज्युनिअर क्लबकडे परत करावं लागायचं. एएचएलचं दार बंद. हा नियम खेळाडूच्या भल्यासाठी नव्हता, ज्युनिअर क्लबांचे मोठे चेहरे टिकावेत आणि तिकिटं खपावीत म्हणून होता. नेमेत्स स्लोव्हाकियातल्या नित्राहून आला, स्लाफ फिनलंडमधल्या तुर्कूच्या टीपीएसकडून. या दोघांना अट लागू नव्हती. म्हणजे माँट्रियलला स्लाफला लाव्हालला पाठवता येत होतं, तरी त्यांनी ठेवून घेतलं. सिएटलकडे ती सोयच नव्हती. या दोन निर्णयांची थेट तुलना करणाऱ्यांनी हा फरक आधी लक्षात घ्यावा.

सिएटलनं मग फट शोधली. खेळाडूला सलग सामने बाहेर बसवलं की त्याला "कंडिशनिंग"च्या नावाखाली जास्तीत जास्त १४ दिवस एएचएलमध्ये धाडता येतं. राइट कोचेला व्हॅलीला गेला, ५ सामन्यांत ४ गोल केले, परत आला, ६ डिसेंबर २०२२ ला माँट्रियलविरुद्धच पहिला एनएचएल गोल केला आणि लगेच ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी कॅनडाच्या संघात. तिथे कर्णधार म्हणून सुवर्ण. त्यानंतर ओएचएल. विंडसरला किचनरनं पहिल्याच फेरीत ४-० नं बाहेर काढलं, त्यामुळे ज्युनिअर हंगाम संपला आणि तो पुन्हा एएचएलसाठी मोकळा झाला. फायरबर्ड्ससोबत एएचएलच्या कॅल्डर कपच्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यापर्यंत खेळला, तो सामना हर्शीनं ओव्हरटाइममध्ये घेतला.

आता (क). तीन घड्याळं एकाच वेळी चालू असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिलं, प्रवेश कराराचं. अठरा किंवा एकोणिसाव्या वर्षी सही केलेला खेळाडू त्या हंगामात एनएचएलचे १० सामने खेळला नाही, तर तीन वर्षांचा करार एक वर्ष पुढे सरकतो. एएचएलचे सामने यात धरत नाहीत. राइट २०२२-२३ मध्ये ८ सामने खेळला, २०२३-२४ मध्येही ८. करार दोनदा सरकला आणि खऱ्या अर्थानं २०२४-२५ पासून सुरू झाला. हा आकडा योगायोगानं दोन्ही वर्षी दहाच्या आत राहिला असं कुणी म्हणालं, तर मी मानणार नाही.

दुसरं, मुक्त होण्याचं. हंगामात ४० सामने मुख्य संघाच्या यादीत राहिला की ते वर्ष मोजलं जातं. सात वर्षं भरली किंवा सत्ताविसावं लागलं की खेळाडू कुठेही जायला मोकळा. यात खेळलेले सामने मोजत नाहीत, यादीतले मोजतात, म्हणून बाहेर बसवूनही हे घड्याळ थांबत नाही.

तिसरं, वेव्हर्सचं, म्हणजे खाली पाठवण्याआधी खेळाडू इतर संघांना उचलू देण्याचं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी ११ सामने झाले की वेव्हर्सशिवाय खाली पाठवण्याची मुदत तीन हंगामांवर येते. हे कुणी बोलत नाही, पण विशी-एकविशीत अडखळलेल्या खेळाडूला शांतपणे एएचएलमध्ये सावरू द्यायचं असेल, तर हेच घड्याळ सगळ्यात महाग पडतं.

स्लाफची तिन्ही घड्याळं पहिल्याच वर्षी सुरू झाली. बदल्यात माँट्रियलनं जुलै २०२४ मध्ये त्याला ८ वर्षांसाठी, वर्षाला ७६ लाख डॉलरवर बांधून घेतलं. संघाच्या एकूण पगाराची मर्यादा २०२४-२५ ला ८.८ कोटी डॉलर होती, पुढच्या वर्षी ९.५५ कोटी झाली. म्हणजे "वर्ष जाळलं" म्हणून ओरडणाऱ्यांचं गणितही सरळ नाही. लवकर सुरू झालेलं घड्याळ म्हणजे लवकर झालेला मोठा करार, आणि मर्यादा वाढत असताना तोच स्वस्त ठरतो.


हाफवॉल

(अ) वर लिहितो. मिनिटांचा आकडा एकटा काही सांगत नाही. ८ मिनिटं म्हणजे ४५ सेकंदांच्या साधारण ११ शिफ्ट (बर्फावरच्या खेपा). पण त्या सारख्या वाटून येत नाहीत. पेनल्टी पडली की पॉवर प्ले (एक माणूस जास्त) आणि पेनल्टी किलची (एक माणूस कमी) माणसं उतरतात, चौथी लाइन बेंचवर. लागोपाठ दोन पेनल्ट्या झाल्या की दहा-बारा मिनिटं पोरगा बसून. पाय गार पडलेले असताना उतरला की पहिल्या दहा सेकंदांत त्याला सर्वांत सोपा खेळ सुचतो : मधली रेड लाइन गाठा, पक (रबरी चकती) आत टाका, बदली करा. सेंटर म्हणून घेतलेला खेळाडू असं वर्षभर खेळला तर तो पक फेकून द्यायला शिकतो. राइटचं सिएटलमधलं पहिलं वर्ष सरासरी ८ मिनिटांच्या आसपास होतं. त्याला तिथून काढलं हे बरोबरच केलं.

पण ज्युनिअरची २२ मिनिटं अमृत आहेत, असंही नाही. तिथे वरचढ खेळाडूला वाईट सवयी लागतात आणि त्या लपून राहतात. शिफ्ट सव्वा मिनिटापर्यंत ताणतो, कारण कोच त्याला उठवत नाही. आपल्या झोनमध्ये पक सुटण्याआधीच पुढे पळतो. ब्लू लाइनवर (झोनच्या सीमारेषेवर) डिफेन्समनला चकवायला जातो आणि पाचातले चार वेळा जमतं, म्हणून पाचवी चूक कुणी मोजत नाही. एनएचएलमध्ये ती पाचवी चूक थेट उलट्या दिशेनं तीन-विरुद्ध-दोन होते.

स्लाफचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. त्याची अडचण ताकदीची किंवा हातांची नव्हतीच. बीजिंग ऑलिंपिकमध्ये १७ वर्षांचा असताना ७ सामन्यांत ७ गोल करून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा पोरगा. अडचण होती बोर्डापाशी, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीपाशी. युरोपातली बरीच रिंक एनएचएलपेक्षा रुंद असतात. जुनं आंतरराष्ट्रीय माप ३० मीटर रुंदीचं, एनएचएलची रुंदी ८५ फूट म्हणजे २६ मीटरला थोडी कमी. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर गेले. मोठ्या रिंकवर विंगर पक घेऊन वळतो, एक डोळा पकवर ठेवून आत येतो आणि तेवढ्यात मान वर करायला वेळ मिळतो. इथे मिळत नाही. पहिल्या वर्षी तो मान खाली घालून मधल्या भागात यायचा आणि सणसणीत धडका खायचा.

बोर्डावरचा तो क्षण असा असतो. आपल्या डिफेन्समननं पक बोर्डालगत फिरवला, तो विंगरकडे हाफ वॉलपाशी (कडेच्या भिंतीच्या मधल्या भागात) येतोय. समोरचा डिफेन्समन ब्लू लाइन सोडून त्याच्यावर चालून येतोय. पक पोहोचायच्या आत विंगरनं खांद्यावरून दोनदा मागे बघायला हवं. एकदा, येणारा किती जवळ आहे. दुसऱ्यांदा, आपला सेंटर कुठे आहे. मग पार्श्वभाग येणाऱ्याकडे, पक बोर्ड आणि स्वतःच्या पायांच्या मध्ये, स्टिकचा टाचेकडचा भाग बोर्डाला टेकलेला, म्हणजे पक उडून सुटत नाही. आणि निर्णय आधीच झालेला : सेंटरकडे छोटा पास, येणाऱ्याच्या मागून चिप, किंवा उलट्या दिशेला परत. या सगळ्याला सेकंदभरही मिळत नाही. पक हातात आल्यावर विचार सुरू करणाऱ्याचा पक गेलाच.

ही गोष्ट सामन्यात शिकता येत नाही, कारण एका सामन्यात हा प्रसंग मोजक्याच वेळा येतो. सरावात दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास वेळा करावा लागतो, मागून माणूस सोडून. माँट्रियलनं त्यासाठी २०२२ पासूनच अ‍ॅडम निकोलसकडे खेळाडू घडवण्याची जबाबदारी दिली होती. मार्टिन सँ लुई कोच म्हणूनही शिकवणारा माणूस आहे. दुसऱ्या हंगामात डिसेंबर २०२३ नंतर स्लाफ सुझुकी आणि कॉफील्डसोबत कायमचा खेळू लागला, तेव्हा बोर्डावरचा पक काढून देणारा माणूस हीच त्याची त्या लाइनवरची नोकरी होती. ८२ सामने, २० गोल, ५० पॉइंट. गोल नंतर आले, आधी ती नोकरी जमली.

म्हणून माझ्या लेखी प्रश्न लीगचा नाहीच. या पोराला पुढच्या तीन वर्षांत एनएचएलमध्ये जे काम करायचंय, तेच काम त्याला आज कुठे दिवसाआड करायला मिळेल आणि चुकल्यावर कोण शेजारी बसून दाखवेल, एवढंच बघावं.


मिसिसागाचा_नाना

हाफवॉल, बोर्डाचं एक नंबर सांगितलंत. पण निष्कर्षाला माझा विरोध आहे. स्लाफ यशस्वी झाला म्हणून माँट्रियलचा निर्णय बरोबर ठरत नाही.

याच संघानं २०१८ मध्ये येस्पेरी कोटकानिएमीला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि अठराव्या वर्षी ठेवून घेतलं. ७९ सामने, ३४ पॉइंट, सगळे खूश. पुढच्या वर्षी ३६ सामन्यांत ८ पॉइंट आणि लाव्हालला रवानगी. २०२१ मध्ये कॅरोलायनानं ६१ लाख डॉलरची ऑफर शीट (दुसऱ्या संघाच्या खेळाडूला थेट कराराचा प्रस्ताव) टाकली, माँट्रियलनं सोडून दिला. पहिल्या वर्षी त्याला जपून वापरलं, सोप्या जोडीसमोर उतरवलं, म्हणून आकडे बरे दिसले. सेंटरचं खरं काम म्हणजे आपल्या झोनमध्ये खाली राहून दोन्ही डिफेन्समनना आधार देणं, फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) जिंकणं, समोरच्या मोठ्या सेंटरला अंगावर घेणं. ते त्याला न शिकवताच दुसऱ्या वर्षी त्याच्याकडून मागितलं.

आणि इथेच राइट-स्लाफ तुलना फसते. विंगर चुकला तर बहुतेकदा ब्लू लाइनपाशी चुकतो, मागे चार माणसं असतात. सेंटर चुकला की नेटसमोर माणूस मोकळा सुटतो. अठरा वर्षांच्या विंगरला एनएचएलमध्ये चालवून घेता येतं, सेंटरला फार क्वचित. सेंटर म्हणून घेतलेल्या पोराला थेट वर खेळवायचं असेल, तर पहिलं वर्ष त्याला विंगवर ठेवा, फेसऑफ दुसऱ्याला घेऊ द्या.

"ज्युनिअरला पाठवलं म्हणजे अपमान" हाही गैरसमज काढून टाका. लिओन ड्रायझाइटल २०१४ चा तिसरा. एडमंटननं ३७ सामने खेळवला, २ गोल, ७ असिस्ट, आणि जानेवारी २०१५ मध्ये ज्युनिअरला परत धाडला. आकडा बघा, ३७. निळी_रेषानं सांगितलेले यादीतले चाळीस सामने भरायच्या आत धाडला. कराराचं वर्ष गेलं, मुक्त होण्याचं वाचवलं. त्यानं केलोनासोबत डब्ल्यूएचएल जिंकली, मेमोरियल कपचा (सीएचएलची अंतिम स्पर्धा) सर्वोत्तम खेळाडू झाला, पुढच्या हंगामाची सुरुवात एएचएलमध्ये बेकर्सफील्डला केली आणि वर आल्यावर ७२ सामन्यांत ५१ पॉइंट. केलोनात तो सेंटरच होता, महत्त्वाच्या सामन्यांत, शेवटच्या मिनिटाला.

ब्रेडन पॉइंटही तसाच. ७९ वा निवडलेला, ज्युनिअरला परत गेला, आणि त्या काळात टँपाच्या स्केटिंग कोच बार्ब अंडरहिल यांच्याबरोबर पायांवर काम केलं. अंडरहिल म्हणजे १९८४ ची जोडी फिगर स्केटिंगची जगज्जेती. पहिल्या तीन पावलांचा वेग, गुडघा किती वाकतो, पाय मागे पूर्ण सरळ होतो का, ही कामं एनएचएलच्या हंगामात होत नाहीत. ऐंशीच्या वर सामने, दिवसाआड खेळ, मध्ये प्रवास. सकाळचा स्केट हा सराव नसतो, अंग मोकळं करणं असतं.


युटिकावाला

नेमेत्सला सगळे विसरले, म्हणून लिहितो. एएचएल म्हणजे रामबाण, असं मानणाऱ्यांसाठी तो धडा आहे.

पहिलं वर्ष कागदावर आदर्श. एनएचएलचा एकही सामना नाही म्हणून करार सरकला, युटिकाला पहिल्या-दुसऱ्या जोडीत, पॉवर प्लेवर. पुढच्या वर्षी न्यू जर्सीत ६० सामने, १९ पॉइंट. मग २०२४-२५ मध्ये घसरण, एनएचएलचे फक्त २७ सामने आणि पुन्हा युटिकाच्या फेऱ्या. पोराचा खेळ बिघडला म्हणून? काही अंशी. खरं कारण जागेचं. २०२४ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीनं ब्रेट पेशीला करारबद्ध केलं आणि जोनाथन कोवाचेविचला आणलं. डगी हॅमिल्टन आधीच होता. तिघंही उजव्या हातानं स्टिक धरणारे, नेमेत्सही उजवाच. उजव्या बाजूच्या जागा तीन. चौथ्याला चूक करायची मुभा उरत नाही : एक चूक, दोन सामने बाहेर. खेळाडू घडवण्याचा आराखडा आणि जुलैमधली खरेदी एकमेकांशी बोलत नसतील, तर हेच होतं.

डिफेन्समनच्या बाबतीत आणखी एक. एएचएलचा खेळ विस्कळीत असतो. सामने शुक्रवार-शनिवार-रविवार गच्च, तिसऱ्या दिवशी सगळे थकलेले, माणसं जागेवर नसतात. आपला पास जिथे जायला हवा तिथे कुणी नसतं, आणि फोरचेक करणारा (पुढे येऊन पक हिसकावू पाहणारा) भलत्याच कोनातून येतो. डिफेन्समनला त्यातून सावध राहायला शिकायला मिळतं, पण एनएचएलची शिस्तबद्ध चाल वाचायला मिळत नाही. वर गेल्यावर तो वेग नव्यानं शिकावा लागतो. फायदा मात्र मोठा : मंगळवार ते गुरुवार सरावाला मोकळे.

डेट्रॉइटनं मॉरिट्झ झायडरला जसं नेलं तसं मला पटतं. २०१९ ला सहावा, एक वर्ष एएचएलमध्ये ग्रँड रॅपिड्सला, मग महामारीत स्वीडनला रोग्लेकडे, पूर्ण वाढ झालेल्या माणसांसमोर रोज वीस-बावीस मिनिटं. २०२१-२२ ला आला तो ८२ सामने, ५० पॉइंट आणि कॅल्डर ट्रॉफी (एनएचएलच्या सर्वोत्तम नवख्याला मिळणारी). घाई नाही आणि मध्येच धोरणबदल नाही.


लाशीनकर

नाना, विंग-सेंटरचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आभारी आहे. मग राइटला २०२३ मध्ये एएचएलची परवानगी कशी मिळाली? तेव्हा तो १९ चाच होता ना? आणि (ड) अजून तसाच पडलाय.


निळी_रेषा

खास सवलत मिळाली. राइट ओएचएलमध्ये पंधराव्या वर्षी "असामान्य खेळाडू" म्हणून दाखल झालेला, आणि २०२०-२१ चा ओएचएल हंगाम महामारीत रद्दच झाला. त्याची एकूण वर्षं बघून २०२३-२४ साठी एएचएल खुली केली. ५९ सामने, २२ गोल, ४७ पॉइंट. पेनल्टी किल, पॉवर प्ले, मोठे फेसऑफ, सगळं त्याच्याकडे. त्यानंतर २०२४-२५ मध्ये सिएटलला ७९ सामने, ४४ पॉइंट. याच हंगामाच्या सुरुवातीला डॅन बाइल्स्मानं त्याला तीन सामने बाहेर बसवलं होतं. हाच बाइल्स्मा आधीच्या वर्षी कोचेला व्हॅलीत त्याचा कोच होता. काय अपेक्षा आहे हे दोघांनाही माहीत असल्यामुळे ते बसवणं शिक्षा न वाटता दुरुस्तीसारखं लागू पडलं, असं मी मानतो. अनोळखी कोचनं केलं असतं तर वेगळं झालं असतं.

माझं ठाम मत : राइटचं एक वर्ष नियमांनी वाया घालवलं. नेमेत्ससारखी एएचएल त्याला २०२२ लाच मिळायला हवी होती. आता दोन बाजूंनी गाठ सैल होतेय. १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएल खेळलेल्यांना एनसीएएत (अमेरिकन विद्यापीठांच्या स्पर्धांत) खेळता येतं, म्हणून गॅव्हिन मकेना मेडिसिन हॅट सोडून पेन स्टेटला गेला. आणि २०२५ मध्ये खेळाडू संघटनेशी ठरलेल्या नव्या करारात, एकोणीस वर्षांच्या एका सीएचएल खेळाडूला प्रत्येक संघाला एएचएलमध्ये खेळवता यावं, अशी वाट काढण्याचं ठरलंय.

विद्यापीठाची वाट कमी लेखू नका. सामने साधारण ३५ ते ४०, तेही शुक्रवार-शनिवार. उरलेला आठवडा जिम आणि बर्फ. अंगानं लहान खेळाडूला हे सोन्यासारखं. याच २०२२ च्या ड्राफ्टमधला ६२ वा लेन हटसन बॉस्टन विद्यापीठात दोन वर्षं राहिला आणि २०२४-२५ मध्ये ६६ पॉइंट करून कॅल्डर ट्रॉफी घेऊन गेला. एकसुद्धा एएचएल सामना न खेळता.


हाफवॉल

(ड). प्लास बेलमध्ये जाताना शक्यतो वरच्या रांगेचं, कोपऱ्याकडचं तिकीट घ्या. काचेलगत बसलं की धडका दिसतात, जागा दिसत नाही. आणि एक अख्खा पिरियड पक सोडून फक्त त्या पोराकडे बघा.

विंगर असेल तर पक यायच्या आत मान किती वेळा वळते ते मोजा. दर वेळी एकदा तरी वळतेय का? थकल्यावर, तिसऱ्या पिरियडमध्येही वळतेय का? थकव्यात टिकते तीच सवय.

सेंटर असेल तर आपल्या झोनमध्ये त्याचे पाय बघा. पक कोपऱ्यात असताना तो डिफेन्समनपासून एका पासच्या अंतरावर थांबतो की चाहूल लागताच निघून जातो? थांबला, पास घेतला, आणि मग वेग घेतला, तर तो शिकलेला आहे. फेसऑफ हरल्यावर पहिलं पाऊल कुठे पडतं तेही बघा. हरणं चालतं, हरल्यावर उभं राहणं चालत नाही.

डिफेन्समन असेल तर पक आणायला मागे वळताना त्यानं खांद्यावरून बघितलं का, आणि पहिला पास सपाट गेला की उडत गेला. समोरचा वेगात येत असेल तेव्हा त्याच्यापासून स्टिकभर अंतर राखून मागे जातोय, की घाबरून ब्लू लाइन आधीच सोडून देतोय?

शिफ्टची लांबी फोनवर मोजा. ४० ते ५० सेकंद ठीक. मिनिटाच्या वर वारंवार जात असेल तर ती ज्युनिअरची सवय अजून उतरलेली नाही. आणि पॉवर प्लेवर कुठे उभा आहे बघा : वर गेल्यावर जी जागा मिळणारच नाही, तिथले गोल मोजून उपयोग नाही. माँट्रियलला हाफ वॉलवर सुझुकी असताना लाव्हालच्या पोराला नेटसमोर उभं राहून वाटेत स्टिक घालणं आणि सुटलेला पक उचलणं यायला हवं.

अजून एक. एएचएलमध्ये गोली सोडून १८ खेळाडूंपैकी किमान १३ जण "विकसनशील" असावे लागतात, त्यांतल्या १२ जणांचे २६० पेक्षा जास्त व्यावसायिक सामने झालेले नसावेत. म्हणजे समोर बहुतेक तरुणच. तुमच्या पोराची खरी परीक्षा उरलेल्या त्या चार-पाच जुन्या जाणत्यांसमोर असते. ते बर्फावर असतानाच्या शिफ्ट वेगळ्या लक्षात ठेवा.


मिसिसागाचा_नाना

मान वळवण्याचं बरोबर, पण एक भर घालतो. उन्हाळ्यात चार-पाच किलो वाढवून आलेल्या पोराला ऑक्टोबरमध्ये बघून मत बनवू नका. वजन वाढलं की पहिली तीन पावलं जड होतात, पात्याची धार पूर्वीइतकी खोल ठेवली तर जास्त रुतते आणि पाय लवकर भरतात. जड खेळाडूला उथळ धार लागते, स्टिकही थोडी कडक. हे जुळून यायला नोव्हेंबर उजाडतो. ड्राफ्टच्या उन्हाळ्यात तर मुलाला सलग सराव मिळतच नाही : जूनअखेर ड्राफ्ट, लगेच डेव्हलपमेंट कॅम्प, सप्टेंबरला नवख्यांचा कॅम्प. त्यातून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला पहिल्या दहा सामन्यांवर जोखणं अन्याय आहे. आणि दुर्दैवानं करार दहाव्या सामन्यालाच निर्णय मागतो.

हाफवॉल, विंगर-सेंटरबद्दल मात्र मी माघार घेत नाही. पुढचा जो कुणी सेंटर पहिल्या पाचात निघेल, त्याला पहिलं वर्ष विंगवर बघायचंय मला.


हाफवॉल

नाना, विंगवर ठेवा, हरकत नाही. पण सरावात दर दिवशी वीस फेसऑफ आणि खालच्या आधाराचा ड्रिल सेंटर म्हणूनच. नाहीतर दुसऱ्या वर्षी परत कोटकानिएमी.